गाठ चोळीला असावी

कुठल्याही दुकानात मालापेक्षा किस्से जास्त साठतात. माल निदान सेलमध्ये निघतो, किस्से तसेच राहतात! आणि आमच्या दुकानाची तर गंमतच वेगळी. बाई दारात येते तेव्हा मान खाली, आवाज बारीक. "ते... आपलं... आतलं दाखवा." एकदा ट्रायल रूमचा पडदा ओढला की हीच बाई सासूपासून सांधेदुखीपर्यंत सगळं सांगून मोकळी होते.

महाद्वार रोडच्या गर्दीतून एका बोळात वळलं की आमचं दुकान. फक्त बायकांच्या आतल्या कपड्यांचं. मालकीण म्हणजे वहिनी. त्यांच्या सासऱ्यांचं इथं बनियन आणि लंगोटाचं दुकान होतं. वहिनींनी ते हातात घेतलं आणि समस्त पुरुषवर्गाला बाहेर काढलं! दुसरी रेहाना भाभी. शिलाई, दुरुस्ती, माप सगळं तिच्याकडे. बाई दारात चप्पल काढेपर्यंत भाभीनं माप ओळखलेलं असतं. टेप लावते ती फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. आणि तिसरी मी, सुनीता. एकोणीस वर्षं काउंटरवर उभी आहे.

*

मी कामाला लागले तेव्हा नवऱ्यानं सासूबाईंना सांगितलं होतं, "कापड दुकानात जाती." खोटं नव्हतं. कापडच की ते!

तीन महिन्यांनी सासूबाई न सांगता दुकानात हजर. "सुनंचं दुकान बघू म्हटलं." दारात उभ्या राहिल्या, काचेतला पुतळा खालपासून वरपर्यंत बघितला. माझ्या हातातला बॉक्स खाली पडला.

भाभीनं त्यांना स्टूल दिलं, चहा मागवला आणि सरळ विचारलं, "मावशी, पाठ दुखती न्हवं?"

"तुला कुणी सांगितलं?"

"खांदे सांगत्यात."

भाभी त्यांना आत घेऊन गेली. जन्मात पहिल्यांदा मापाची ब्रा घालून सासूबाई वीस मिनिटांनी बाहेर आल्या. घरी जाईपर्यंत बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसल्या. मी मनात म्हटलं, सुटली नोकरी!

घरी पोचल्यावर त्यांनी नवऱ्याला पुढं बसवलं. "बायको कुठं काम करती ते सांगायला लाजतोस व्हय रे? उद्यापास्नं ताठ मानंनं सांगायचं. बग, माजी पाठ बी ताठ झाली!"

*

पुरुषांना काढलं म्हटलं तरी एखादा येतोच. एकदा बिद्रीकडचे एक पाहुणे आले. कारखान्याच्या काट्यावर, म्हणजे उसाच्या गाड्यांचं वजन करतात तिथं, कामाला. बायकोनं ब्रा आणायला सांगितलेली.

"या पावणं, साईज काय?" मी विचारलं.

पाहुणे घामाघूम. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, शेवटी बायकोला फोन लावला. घाईत बोट कुठं लागलं कोण जाणे, फोन स्पीकरवर! दुकानात सात-आठ बायका.

"अगं, साईज काय म्हणून इचारत्यात."

पलीकडून खणखणीत आवाज आला, "बारा वर्सं झाली लग्नाला! उसाची ट्रॉली नुसती बघून टन सांगतासा, आन ह्ये न्हाय व्हय सांगाय येत?"

पाहुणे दोन बोळ ओलांडून गेले तरी दुकान हसत होतं. पण संध्याकाळी परत आले हं! चिठ्ठीवर माप लिहून, घडी घालून, खिशात.

*

मध्यंतरी मोबाईलवर एक मेसेज फिरत होता. ब्रा घातल्यानं कॅन्सर होतो. घालून झोपलं तर हमखास होतो. काळी घातली तर विचारूच नका!

बायका यायच्या आणि हात लावून परत ठेवायच्या. शाळेतल्या एक मॅडम तर मोबाईल काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "हे वाचा आणि मग विका. तुमच्या मनाला कसं पटतं?"

वहिनींना ते लागलं. दुसऱ्या दिवशी दुकान माझ्यावर टाकून डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. छातीच्या आजारांची ऑपरेशनं करणाऱ्या बाई आहेत त्या. वहिनी पेशंटांच्या रांगेत दोन तास बसल्या आणि नंबर आल्यावर म्हणाल्या, "मला काही झालेलं नाही. मी ब्रा विकते. मी लोकांना आजार विकते का, एवढं सांगा."

डॉक्टरीणबाई म्हणे आधी हसल्या आणि मग त्यांनी पेन खाली ठेवून नीट समजावलं. ब्रा घातल्यानं कॅन्सर होतो याला कसलाही पुरावा नाही. काळी असो, पांढरी असो, दिवसा घाला नाहीतर रात्री. घट्ट घातली तर काचते, पुरळ येतं, खांदे भरून येतात, तेवढं खरं. न घालणारीला काही होत नाही असंही नाही. गाठ लागली, कातडी ओढल्यासारखी दिसली, बोंडातून पाणी किंवा रक्त आलं, तर मात्र लाजायचं नाही. दाखवायचं.

वहिनींनी ते पाठ केलं, आम्हालाही पाठ करायला लावलं. आठवड्याभरात त्या मॅडम परत आल्या. वहिनींनी सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला, "खोटं वाटलं तर स्वतः जाऊन विचारा," म्हणाल्या.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मोबाईल पर्समध्ये टाकला.

"मग काळीच द्या. मळखाऊ आहे!"

*

त्यानंतर दुकानात वाद घालायला बायकांना विषयच मिळाला. एकदा दोन जावा भांडत होत्या. एक म्हणे, घालणं चांगलं. दुसरी म्हणे, मोकळं सोडणं चांगलं. सोबत त्यांची आजेसासू, हिरवं लुगडं, पुढं गाठ मारलेली चोळी. आयुष्यात ब्रा घातलेली नाही आणि नव्वदीला टेकलेली.

धाकटी म्हणाली, "बघा की! आज्जीनं कवा घातली न्हाय, काय झालं का तिला?"

आजी बसल्या जागेवरून म्हणाली, "गप गं. माज्या भनीनं बी कवा घातली न्हवती. तिच्या छातीत सुपारीएवढी गाठ आलती. लाजून कुणाला बोलली न्हाय. गेली." मग स्वतःच्या चोळीकडं बोट केलं, "गाठ हितं आसावी. आत नसावी. आन आत आली तर झाकू नगासा. बाकी तुमी काय बी घाला!"



वहिनींनी दुसऱ्याच दिवशी पेंटर बोलावला. ट्रायल रूमच्या आरशावर आता लाल अक्षरात लिहिलंय: ‘गाठ चोळीला असावी, छातीत नसावी. असली तर झाकू नये.’

*

कोल्हापूर म्हटल्यावर कुस्ती आलीच. एक दिवस एक वस्ताद आपल्या पोरीला, म्हणजे पट्टशिष्येला, घेऊन आले. पांढरा शर्ट, मुडपलेले कान. दारातूनच ओरडले, "हिला दम पुरंना झालाय! खुराक बरोबर हाय, मेहनत बरोबर हाय. माजी मंडळी म्हनली, एकदा तुमच्याकडं दावा." आणि पाठ करून रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले.

आत भाभीनं बघितलं तर पोरीनं एकावर एक दोन घट्ट ब्रा चढवलेल्या. हलू नये म्हणून! बरगड्यांवर वळ उठलेले.

"अगं, ह्यानं दम कसा पुरंल?" भाभी म्हणाली. "श्वास घ्यायला जागा कुठं ठेवलीस?"

तिला खेळासाठीची वेगळी ब्रा काढून दिली. पण दुकानात उभं राहून कसं कळणार? भाभी म्हणाली, "मार बैठका." पोरगी लागली मारायला. फळ्या हादरायला लागल्या. मग जोर काढले. वरच्या फळीवरचे चार बॉक्स खाली आले.

बाहेर वस्तादांना राहवेना. पाठ तशीच ठेवून त्यांनी आवाज दिला, "पन्नास झाल्या काय गं?"

"झाल्या वस्ताद!"

"दम लागला काय?"

"न्हाय वस्ताद!"

"मग दोन घे!"

*

आता वहिनींचं सांगते.

गेल्या वर्षी नवा माल आला होता. नवीन कंपनी असली की आम्ही तिघी आधी घालून बघतो, मगच विकतो. भाभी टेप घेऊन वहिनींजवळ गेली.

"माझं माप काय घेतेस? तुला पाठ आहे की," वहिनी म्हणाल्या.

भाभीनं टेप लावला. काढला. परत लावला. मग टेप हातात गुंडाळत म्हणाली, "वहिनी, बदललंय."

"वजन वाढलं असेल."

"एकाच बाजूनं?"

मी काउंटरवर बिल करत होते. बिल तसंच सोडून उठले. इतकी वर्षं शेकडो बायकांना आरशावरची ओळ वाचायला लावणाऱ्या वहिनींनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "सणाचं गिऱ्हाईक संपू दे. मग जाऊ."

भाभीनं जन्मात पहिल्यांदा वहिनींवर आवाज चढवला. "सणाचं गिऱ्हाईक? आत्ताच्या आत्ता उठायचं! सुनीता, शटर ओढ!"

भर दुपारी, ऐन सणात, आमच्या दुकानाचं शटर खाली आलं. तिघी एका रिक्षात. वहिनी मधे. मी त्यांचा एक हात धरला होता, भाभीनं दुसरा.

तपासण्या झाल्या. कॅन्सरच निघाला. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वेळेत आलात." डावी बाजू काढावी लागली. पुढची औषधं झाली. केस गेले, जिभेची चव गेली, आवाज तेवढा होता तसाच राहिला! दवाखान्यातल्या कॉटवरून फोन करून मला विचारायच्या, "चौतीसचा माल संपत आला असेल, मागवलास का?"

दुकानात परत आल्या त्या दिवशी पलीकडच्या गल्लीतली एक बाई भेटायला आली. चुकचुकली आणि म्हणाली, "बघा, जन्मभर ब्रा विकल्या आणि तुम्हालाच झालं. म्हणजे त्या मेसेजमध्ये काहीतरी तथ्य असणार!"

मी आणि भाभी दोघी उठलो होतो. वहिनींनी हातानं थांबवलं.

"अहो, माझ्या मामांना पण हाच झाला होता, छातीचाच. पुरुषांना पण होतो हा," त्या म्हणाल्या. "आणि मामांनी कधी ब्रा घातल्याचं मला तरी आठवत नाही!"

*

शेवटचा किस्सा नेसरीच्या अक्कांचा.

त्यांचं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले होते. सून घेऊन आली. गावातल्या बायकांच्या दूध संस्थेच्या त्या अध्यक्ष. रोज सकाळी संस्थेत उभं राहून दूध मोजून घेणारी बाई आठ महिने घराबाहेर पडली नव्हती. पदराचे दोन-दोन पदर घेऊन, एका बाजूला कलून, खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"काय दाखवू अक्का?" मी विचारलं.

"काय दावतीस आता?" त्या म्हणाल्या. "एका बाजूचं काय मिळतंय व्हय?"

मी वहिनींकडं बघितलं. वहिनींनी दार लावलं, बाहेर पाटी फिरवली आणि अक्कांसमोर सरळ उभ्या राहिल्या. पदर चापून खोचलेला.

"माझं पण झालंय हे," वहिनी म्हणाल्या. "ओळखा बघू, देवानं दिलेली कुठली आणि रेहानानं शिवलेली कुठली?"

अक्का बघत राहिल्या. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. उठून जवळ गेल्या. सून तोंडावर हात धरून उभी. बऱ्याच वेळानं अक्कांनी वहिनींच्या उजव्या बाजूकडं बोट केलं, "ही शिवल्याली."

"चुकलात!" भाभी एवढ्या जोरात ओरडली की बोळातली माणसं थांबली असतील.

आठ महिन्यांत पहिल्यांदा अक्का हसल्या, असं सून नंतर सांगत होती.

मग भाभीनं त्यांना आत घेतलं. जखम पूर्ण भरल्याची, डॉक्टरांनी परवानगी दिल्याची खात्री केली. ब्राला आतून मऊ खिसा शिवला आणि कापडाची घुमटी भरायला बसली. नुसता कापूस भरला की हलका पडतो, चालताना वर सरकतो. वहिनींच्या वेळी चार वेळा उसवून हे कळलं होतं. म्हणून कापसाच्या पोटात वजनाला एक छोटी पुरचुंडी घालायची, तोलून मापून, दुसऱ्या बाजूएवढीच.

अक्का घालून बाहेर आल्या. आरशासमोर उभ्या राहिल्या. पदराचा एक पदर सोडला. मग दुसरा. खांदे सरळ झाले. वहिनींनी तेवढ्यात डोळे पुसून घेतले.

मग अक्कांनी हातानं हळूच चाचपून बघितलं. "बेस बसलंय," त्या म्हणाल्या. "वजनाला आत काय घातलंस गं पोरी?"

"मोहरी," भाभी म्हणाली.

अक्कांनी आरशात एकदा डावीकडून बघितलं, एकदा उजवीकडून बघितलं.

"मग वाईच मीठ बी घाल की. दिष्ट तरी लागायची न्हाय!"