अल्लीपूरचे तीन ग्लास आणि आमच्या देवघराची फरशी

आमच्या पिपरी मेघेच्या घराखाली काळी माती. पावसात ती फुगते आणि देवघराची फरशी मधोमध वर येते. दोनदा नवी केली, दोनदा फुटली. यंदा हे म्हणाले, आता देव स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेव. कांद्यालसणाच्या शेजारी माझे विठोबा-रखुमाई? मी अल्लीपूरला जायचं ठरवलं. तिथे ताईचं घर तसल्याच मातीत आहे, पण फरशीला एक भेग नाही. भाऊजी फोनवर म्हणाले, "येजो, अन् घरची थोडी माती घेऊन येजो."

वर्ध्याहून एसटी, बायकांना अर्धं तिकीट. मे महिन्यात जाणार असाल तर सकाळचीच गाडी धरा आणि उजवीकडे बसा, ऊन लागत नाही.

दुपारी ताईच्या हातचा पाटोडी-रस्सा झाला. मग भाऊजींनी माती वाळवून, चाळून तीन काचेचे ग्लास अर्धे अर्धे भरले. एकात त्यांच्या वावरातली, दुसऱ्यात माझी, तिसऱ्यात माझीच, पण क्रशरवरची चुरी, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, मिसळून. वरून पाणी ओतलं. सकाळपर्यंत कोणी हात लावायचा नाही, असं बजावलं.

सकाळी वावरातली माती काठापर्यंत चढलेली. माझे दोन्ही ग्लास जसेच्या तसे.

"शोभा, ही माती फरशीखालची नाई. कोठून आणली?"

"तुळशीतली. देवघराचं काम, म्हणून चांगली पाहून आणली."

ताई हसता हसता खालीच बसली. भाऊजींनी मात्र ती माती बोटांनी चोळून पाहिली आणि तुळशीत काय काय घालते ते विचारलं. मी सांगितलं, रांगोळी कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून रोज गोळा करून तुळशीत टाकते, आणि जुन्या पणत्या कुटून. लग्न झाल्यापासून.

"मंग काऊन फुगन ते? दगडाची भुकटी अन् भाजलेली माती तूच टाकून राह्यली. मले काय विचाराले आली?"

आठ दिवसांनी फरशीखालची खरी माती घेऊन पुन्हा गेले. या वेळी चार ग्लास, प्रत्येकात चुरी वाढती. ज्यात माती हलली नाही, ते प्रमाण गवंड्याला दिलं. त्याने खोदलेली ढेकळं फोडून चुरी कालवली आणि थराथराने पाणी मारून ठोकली. ढेकळं फोडायला हेही बसले.

पावसाळा सरत आला, गौरी-गणपती झाले, नवी फरशी अजून सपाट आहे. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी पाहू. पण इतकी वर्षं पूजेला बसलं की माझी नजर आधी जमिनीवर फिरायची, भेग शोधत. यंदा ती सरळ विठोबाच्या मुखावर जाते.