दळी आणि एक एच

हे मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही — नवऱ्याजवळही नाही. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. पण आता आत ठेववत नाही, एवढं खरं.

पेणला एका वकीलसाहेबांकडे मी ज्युनिअर होते. रोह्याच्या कोर्टात ठमीबाईची केस होती. ठमीबाई कातकरीण, रोह्यापलीकडच्या वाडीवरची. तिची दळी — डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवायला तिच्या आजाला मिळालेला तुकडा — एका फार्महाऊसवाल्याने तारेच्या कुंपणात घेतला होता. तिच्याकडे कागद नव्हता. साहेब म्हणाले, कायद्याच्या जर्नलांमध्ये दळीवर कुणी लिहिलंय का बघ, पान नंबरासकट दे.

माझी अक्कल बघा! मी इंग्रजीत टाइप केलं — डी, ए, एल, आय. स्क्रीनभर तूरडाळ आणि मसूरडाळ! अर्ध्या तासात कंटाळले आणि टिपणात ठोकून दिलं, 'सर्व जर्नल तपासली, या विषयावर एकही लेख नाही.' खाली माझी सही. सर्व? कुठली सर्व हो?

युक्तिवादाला चार दिवस असताना दुसऱ्याच केससाठी एक लेख वाचत होते. त्याच्या तळटीपेत दळी दिसली — पण एलनंतर एच घातलेली. जुन्या दप्तरांत तशीच लिहायचे. तळटीपेतला तो लेख मी शोधून काढला. त्याच्या शेवटी दळीवाल्यांची जुनी यादी, कुठल्या दप्तरातून घेतली तेही दिलेलं. त्यात तिची वाडी होती. तिच्या आजाचं नाव होतं.

तरी गप्प बसले. का? साहेब चारचौघांत झापतील, म्हणून. एवढंच — दुसरं काही नाही. प्रिंट काढली होती, ती कपाटात फायलींच्या खाली सारली.

केस गेली. अपिलासाठी नवीन काही मिळेल का, साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. म्हणजे दोनदा, बरं का — दोनदा!

कोर्टाबाहेर पायरीवर ठमीबाईने माझाच हात धरला. "कागुदच नाय तं तू काय करशील गो बाय? तू लय शोदलंस."

मी तिला चहा पाजला.

अपिलाची मुदत कधीच टळली. साहेबही गेले. ठमीबाई आता त्याच फार्महाऊसवर रोजाने गवत काढते — स्वतःच्याच दळीवर. जीव नुसता तुटतो माझा, पण तिला त्याचा काय उपयोग? दर पावसाळ्यात ती माझ्या दारात फोडशीच्या रानभाजीची जुडी ठेवून जाते, तिथलीच. मी ती निवडते, परतते, घरच्यांना वाढते.

प्रिंट अजून कपाटात आहे. आजाचं नाव वरून सातव्या ओळीत. ठमीबाईला वाचता येत नाही. मला येत होतं.