मायला दिसलेला प्लाझ्मा

भुताखेतांच्या गोष्टी कुणी सुरू केल्या की मी उठून चहा टाकायला जाते. माझा विश्वास नाही... आणि हे लिहून झाल्यावरही बसेल असं नाही. पण घडलं ते घडलं.

मी सुरतेत एका कॉलेजात एरोस्पेस शिकवते. संशोधन विरळ वायू आणि प्लाझ्माचं. एका पोलादी टाकीतली जवळजवळ सगळी हवा काढून घ्यायची, त्यात थोडा आर्गॉन वायू सोडायचा आणि विजेने तो पेटवायचा, की जांभळा उजेड देणारा प्लाझ्मा तयार होतो. उपग्रहांची छोटी इंजिनं अशीच चालतात.

त्या दुपारी मी मायला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. काचबिंदूने तिची नजर जाऊन बरीच वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, "नस संपली आहे, आता आशा ठेवू नका." लॅबमध्ये प्रयोग चालू होता, म्हणून तिलाही सोबत नेलं आणि टाकीच्या काचेसमोर खुर्चीत बसवलं. दिवे बंद, पंपाची घरघर.

"कसं जांभयं जांभयं दिसी ऱ्हायनं व!" माय एकदम म्हणाली.

मी हसले. "माय, तुला कुणी सांगितलं?"

"सांगाले कशाले पाहिजे? देखाय ना!"

माझे सहकारी देसाईसर मागे उभे होते. त्यांनी काही न बोलता हाय व्होल्टेज बंद केलं. पंप तसाच घरघरत होता.

"विझी गयं," माय म्हणाली.

त्यांनी पुन्हा चालू केलं. "हां... उनं!"

देसाईसरांनी हळूच गुजरातीत विचारलं, हे कसं काय, "बेन, आ केवी रीते?"

मी मायच्या खुर्चीमागे वाकले. तिने काचेतल्या माझ्या प्रतिबिंबावर नेमकं बोट ठेवलं. "तू बी दिसी ऱ्हायनी... तुना केस पांढरा व्हई ग्यात व माय!"

केसांचं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. मला रडूच फुटलं. माय मात्र हसत होती.

दुसऱ्याच दिवशी तपासणी केली. डॉक्टरांनी डोळ्यांत टॉर्च मारला — काहीच नाही. नंतर लॅबमध्येही दोनदा नेलं, पण पुन्हा दिसलं नाही. देसाईसर आणि मी अजूनही यावर वाद घालतो. पटेल असं कारण एकही सापडलेलं नाही.

मायला त्याची फिकीर नाही. आम्ही राहतो त्या बमरोलीतल्या शेजारणींना ती ऐटीत सांगते, "मनी पोरनं काम मी मना डोयास्नी देखेल शे."