दुसऱ्या कपाचं एकमत

प्रबोध सबनीस सिंगापुरातल्या एका बँकेत ऑडिट करतो आणि घरी आल्यावरही थांबत नाही. दह्याच्या डब्यावरची तारीख, शेजाऱ्याच्या बोलण्यातली विसंगती, मुलीच्या 'मैत्रिणीकडे होते'मधली गाळलेली जागा, सगळं तो अत्यंत सौम्य चेहऱ्यानं तपासतो. सौम्य चेहऱ्याचा ऑडिटर कडक ऑडिटरपेक्षा भयंकर असतो. कडक माणसाशी निदान भांडता तरी येतं.

तोआ पायोहमधल्या त्याच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मोठे निर्णय रविवारी सकाळी चहावर होतात. प्रबोध ठराव मांडतो, "मग ठरलं तर," असं म्हणतो आणि रिकामा कप बोटभर पुढे सरकवतो. त्याची बायको सुनेत्रा त्यात चहा ओतते. दुसरा कप भरला की ठराव मंजूर. पडद्यांचा रंग, मुलीचं कॉलेज, दिवाळीला भारतात जायचं की नाही, सगळं असंच मंजूर होत आलं. "आमच्याकडे कधी वादच होत नाहीत," हे तो मला इतक्या वेळा ऐकवायचा की मला स्वतःच्या घराची काळजी वाटू लागली होती.

अशा माणसाला अमेरिकेच्या इतिहासाचा नाद लागावा, आणि तोही कुठल्या, तर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस वर्षांचा, याचं श्रेय तोआ पायोहच्या वाचनालयातल्या एसीला. शनिवारी दुपारी गारव्यासाठी तो तिथं जाऊन बसे. एकदा कुणीतरी टेबलावर सोडून गेलेलं जाडजूड पुस्तक त्यानं उघडलं. त्यात एक प्राध्यापक सांगत होते की अमेरिकन माणसं वरवर कितीही भांडोत, मुळाशी त्यांचं एकमत असतं. मालमत्ता, व्यक्तिस्वातंत्र्य, लोकशाही, थोडंसं उदार सरकार. यावर कुणाचं दुमत नाही. प्रबोधला फार बरं वाटलं. स्वतःच्या घराचंच वर्णन वाचतोय असं वाटलं असणार.

मग त्यानं दुसरं पुस्तक उघडलं. त्यातले प्राध्यापक वयानं तरुण होते. त्यांनी मोर्चे पाहिले होते, व्हिएतनामचं युद्ध पाहिलं होतं, आणि ते विचारत होते, एकमत कुणाचं? दक्षिणेतल्या काळ्या शेतमजुराला विचारलं होतं? वेगळं मत मांडल्याबद्दल ज्यांची नोकरी गेली त्यांना विचारलं होतं?

"काळ एकच, कागद तेच," प्रबोध मला फूड सेंटरमध्ये सांगत होता. समोर रस्स्यातल्या नूडल्सचं 'मी रेबुस' थंड होत होतं. "आणि दोन ऑडिटरांचे दोन अहवाल. हे कसं शक्य आहे?"

"एकानं लाच खाल्ली असेल," मी म्हणालो.

"तेही तपासलं. नाही खाल्ली." त्यानं खरोखरच तपासलं होतं. "पहिल्यानं फक्त जे बोलत होते त्यांची नोंद घेतली. जे गप्प होते त्यांना त्यानं होकारात धरलं."

हे वाक्य बोलताना त्याला काहीही टोचलं नाही, याची मी साक्ष देतो.

कारण त्याच सुमारास सबनीसांच्या घरात एक ठराव मंजूर झालेला होता. निवृत्ती जवळ आली, तेव्हा तोआ पायोहचा फ्लॅट विकायचा आणि पासिर रिसला समुद्राजवळ घर घ्यायचं. दुसरा कप भरला गेला होता. एजंट मिस्टर कोह यांनी जाहिरातही लावली होती.

सुनेत्राला जायचं नव्हतं. हे आमच्या ओळखीतल्या सगळ्यांना माहीत होतं, प्रबोध सोडून. रोज सकाळी ब्लॉकच्या खाली मोकळ्या जागेत सात चिनी आजीबाईंबरोबर ती लाल पंखे घेऊन व्यायाम करते. या आंटींनी तिला त्यांच्या होकियन बोलीत भाव करायला शिकवलं, तिनं त्यांना थालीपीठ शिकवलं. ती आजारी पडली तेव्हा सात घरांतून सात प्रकारची पेज आली होती. ते घर सुटलं तर तिचं नेमकं काय सुटणार होतं, हे कुठल्याच जाहिरातीत लिहिता आलं नसतं. मी एकदा तिला विचारलंही, पासिर रिस आवडतं का. ती म्हणाली, "समुद्र आहे तिथं." सिंगापूर हे बेट आहे, हे मी तिला सांगितलं नाही.

गंमत म्हणजे फ्लॅट विकला जाईना. लोक शनिवारी दुपारी बघायला येत, प्रबोध वाचनालयात असे, आणि आलेला माणूस पुन्हा फोन करत नसे. "एमआरटीचं स्टेशन पायाखाली, बाजार समोर, तरी का?" प्रबोध चक्रावला होता. त्यानं नळ तपासले, लिफ्टचा आवाज तपासला.

आमचा एक अभ्यास कट्टा आहे. महिन्यातून एकदा बिशानला मीनलच्या कॉन्डोतल्या हॉलमध्ये जमतो. मीनलनं प्रबोधला त्याच्या या अमेरिकेच्या विषयावर बोलायला लावलं. तीसेक माणसं आली, त्यातली निम्मी नंतरच्या बटाटेवड्यांसाठी. पहिल्या रांगेत सुनेत्रा आणि त्यांची मुलगी क्षिप्रा.

प्रबोध छान बोलला, हे मला नाइलाजानं मान्य करावं लागतं. पहिला अहवाल सांगितला, दुसरा सांगितला, आणि मग तिसरा. एकमत साठच्या दशकात फुटलं असं आपण मानतो. पण नंतरच्या इतिहासकारांनी शोधलं तर भेगा आधीपासूनच होत्या. उत्तरेकडच्या शहरांत उदारमतवादी पक्षाला मत देणारी, युनियनमधली गोरी माणसं, शेजारी काळं कुटुंब राहायला आलं की खिडक्यांवर दगड मारत. आणि कॅलिफोर्नियातल्या उपनगरांत तर गृहिणी एकमेकींच्या स्वयंपाकघरांत कॉफीला जमून त्या उदार सरकारच्याच विरोधात चळवळ बांधत होत्या.

"कॉफीच्या कपांवर," प्रबोध रंगात येऊन म्हणाला, "आणि प्राध्यापकांना पत्ता नव्हता. त्यांना वाटत होतं, या बायका नुसती कॉफी ओततायत."

क्षिप्रा खाली मान घालून हसली. सुनेत्रा सरळ समोर बघत होती.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. मागच्या रांगेतून क्षितिज उठला. हा पुण्याचा, आयटीतला, पीआर, म्हणजे इथला कायम रहिवासी, होऊन चार वर्षं झालेला, बायकोसह घर शोधणारा सरळ मुलगा.

"काका, प्रश्न नाही, आभार मानायचेत. लॉरोंग पाच रस्त्यावरचा नवव्या मजल्याचा फ्लॅट तुमचाच ना? आम्ही बघायला आलो होतो. काकूंनी मराठीतून सगळं प्रामाणिकपणे सांगितलं. दुपारचं ऊन, वरच्या मुलाचे ड्रम्स. एजंटला कळलंच नाही. आम्ही वाचलो."

हॉलमध्ये बटाटेवड्यांचा वास तेवढा आला.

प्रबोधनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं, आता संपलं. पण त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते कुतूहल होतं. नवा पुरावा सापडलेल्या माणसाचं.

"किती जणांना सांगितलंस?" त्यानं व्यासपीठावरूनच विचारलं.

"मराठी आणि हिंदीवाल्यांना मी," सुनेत्रा म्हणाली. "बाकीच्यांना खाली आंटी सांगायच्या. लिफ्टपाशी."

"म्हणजे संघटना आहे?"

"सात जणी. मी धरून आठ."

"पण तू तर दुसरा कप भरलास."

"तुझा कप रिकामा होता, प्रबोध."

"बाबा, यू नेव्हर आस्क, लाह," क्षिप्रा म्हणाली. "यू ओन्ली अनाउन्स."

मीनलनं प्रसंगावधान राखून वडे आणले.

परतताना आम्ही एकाच गाडीत होतो. बिशान ते तोआ पायोह म्हणजे दोन स्टेशनं, पण प्रबोधनं त्यात सगळी उलटतपासणी बसवली. पडदे? तिला निळे हवे होते. दिवाळीचा प्रवास? तो तिला खरोखरच हवा होता. क्षिप्राचं कॉलेज? ते क्षिप्रानं आधीच ठरवलं होतं. प्रत्येक उत्तरावर तो "अच्छा" म्हणत होता, आणि दर वेळी ते थोडं हळू येत होतं.

ब्रॅडेल स्टेशन गेल्यावर तो म्हणाला, "मग आता विचारतो. तुला पासिर रिसला यायचंय का?"

"नाही."

एवढंच. गाडी बोगद्यातून पुढे गेली.

"आता मी विचारते," सुनेत्रा म्हणाली. "तुला समुद्र कशाला हवाय?"

प्रबोध दरवाज्याकडे बघत म्हणाला, "श्रीवर्धनला आमच्या मागच्या दारातून लाटा ऐकू यायच्या. ऐकत झोपायचो. नवव्या मजल्यावर नुसते बसचे ब्रेक ऐकू येतात."

"हे तू कधी बोलला नाहीस."

"कुणी विचारलं नाही," तो म्हणाला, आणि स्वतःच दचकला.

सोमवारी विक्री रद्द करायला मिस्टर कोहना फोन गेला. कारण विचारल्यावर प्रबोधनं, घरात एकमत नाही, असं सांगितलं. आणि हे सांगताना त्याच्या आवाजात इतका अभिमान होता की मिस्टर कोहना बहुधा ती आनंदाची बातमीच वाटली.

आता दर रविवारी सकाळी तो पासिर रिसच्या किनाऱ्यावर जातो. शांतपणे लाटा ऐकाव्यात, हा मूळ बेत. पण सुनेत्रानं आंटींना विचारलं आणि सातही जणी हो म्हणाल्या. त्यामुळे लाटांच्या जोडीला आठ लाल पंखे एकदम फटकन उघडल्याचा आवाज येतो. परवा मीही गेलो होतो. व्यायाम संपल्यावर प्रबोधनं थर्मास उघडला, स्वतः सगळ्यांना चहा दिला आणि सुनेत्राच्या रिकाम्या कपावर थर्मास धरून थांबला.

"अजून हवाय?"

ती विचार करत होती. तो ओतत नव्हता. एक आंटी मला कोपरानं ढोसून त्याच्याकडे बोट दाखवत होती. थर्मास जड असावा, त्यानं दुसरा हात खाली लावला.

"अर्धा," सुनेत्रा म्हणाली.