दाभण कोणाच्या हातात

सुतळीचा वास आला की ओतूरच्या कांदा बाजारातली ती सकाळ आठवते. लिलावाआधी गोण्या शिवायच्या होत्या. माझा भाऊ गोणीचं तोंड आवळून धरत होता आणि माझे थोरले दीर दाभणानं शिवत होते. "परदेशातला कांदा आत आला अन् भाव पडला तो आपल्या त्या माजी मंत्र्याच्या करारानं," दीर म्हणाले. "त्याच्या एकट्याच्या सहीनं व्हतंय व्हय, दाजी? सगळं सरकार व्हतं की," भाऊ म्हणाला. "त्यानं तुमाला फोटोत घेतलं ना पावणं, तवापासून लई पुळका," दीर म्हणाले. भावानं डाव्या हातानं त्यांच्या थोबाडीत मारली, आणि दिरांनी दाभण गोणीवरच्या त्याच्या उजव्या अंगठ्यात आरपार खुपसला. रक्त कांद्यांवर सांडलं. तरी भाऊ त्यांना लाथा मारत राहिला. मी हातातली सामानाची यादी टाकली, दाभण उपसला, पदर फाडून अंगठा बांधला. द्राक्षाच्या छाटणीची कात्री तो त्याच हातात धरायचा. तो अंगठा पुन्हा वाकला नाही आणि छाटणी सुटली. मंत्र्याचा दोष किती, हे अजून ठरलेलं नाही. बाजाराच्या यादीत दाभण मी आजही पहिला लिहिते, आणि गोण्या स्वतःच शिवते.