गणिताच्या सरांचा पाय

दहावीचा खेळाचा तास आला, की गणिताचे सर खडू घेऊन वर्गात हजर. "परीक्षा डोक्यावर आलीय आणि उड्या कसल्या मारताय?" खेळाचे सर बिचारे शिट्टी खिशात कोंबून स्टाफरूममध्ये दातओठ खात बसायचे.

एकदा जिन्यावरून घसरून गणिताच्या सरांचा पाय मोडला आणि त्यांचे तास खेळाच्या सरांच्या गळ्यात पडले. त्यांनी सगळा वचपा काढला. निम्मा तास ते पोरापोरींना फुटबॉलमागे पळवायचे. एरवी बाकावर चुळबुळणारी ती कार्टी मग उरलेला तास मुकाट्याने गणितं सोडवायची.

परीक्षेत अख्खा वर्ग पास झाला. लंगडत आलेले गणिताचे सर छाती फुगवून म्हणाले, "बघा, माझी मेहनत!"

"तर काय!" म्हणत खेळाच्या सरांनी मायेने विचारलं, "सर, दुसरा पाय कसा आहे?"