ज्योतीने निवडलेला बॉक्स

त्या रविवारी सकाळीच आम्ही नाशिकरोडहून नाशिकच्या मेन रोडच्या बाजारात निघालो... मी, बाबा आणि माझी धाकटी बहीण ज्योती. टीव्हीसाठी सेट-टॉप बॉक्स घ्यायचा होता. "आता अँटिना जाणार, सगळं डिजिटल होणार" अशी सगळीकडे चर्चा होती, तेव्हाची ही गोष्ट.

मी तेव्हा घरातला टीव्हीतज्ज्ञ. नेमणूक कुणी केली नव्हती, मीच करून घेतली होती... चार कंपन्यांची पत्रकं जमवून वहीत तक्ता केला होता. कुठे किती चॅनल, क्रिकेट कशावर दिसतं, सगळं रकाने पाडून.

तक्ता करताना आईला विचारलं. बाबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून नुकतेच रिटायर झालेले, त्यांना विचारलं. शेजारच्या काकांनाही विचारलं. ज्योतीला मात्र नाही... तिला जन्मापासून ऐकू येत नाही, तिला टीव्हीचं काय, असं मी धरून चाललो होतो. आज हे लिहितानाही लाज वाटते.

खरं तर टीव्हीची सगळ्यात जास्त वाट तीच बघायची. रविवारी दुपारी मूकबधिरांसाठी खुणांच्या भाषेतल्या बातम्या लागायच्या. आठवड्यातली तेवढीच काही मिनिटं टीव्ही तिच्या भाषेत बोलायचा.

पण आमच्या अँटिनावर प्रत्येक माणसाशेजारी त्याची एक सावली उमटायची. दहा बोटांची वीस व्हायची आणि निम्म्या बातम्या तिला कळायच्याच नाहीत. मग ती आम्हाला विचारायची, आणि घरातल्या दहा-बारा खुणांवर भागवणारे आम्ही... "नंतर सांगतो" एवढी खूण करून मोकळे व्हायचो.

रविवारीच जायचं आणि बाराच्या आत पोचायचं, हा हट्टही तिचाच. ती घरी ब्लाउज शिवायची. मला वाटलं, अस्तर आणि हुक घ्यायचे असतील.

दुकान रफिकभाईंचं. शेजारी-शेजारी दोन टीव्ही, दोन्हींना वेगवेगळे बॉक्स जोडलेले. माझ्या तक्त्यातल्या पहिल्या नंबरच्या बॉक्सवर त्यांनी मोठ्या आवाजात गाणी लावली. मी खूश... "हाच द्या," म्हणालो.

ते खोका काढायला वळले, तेवढ्यात ज्योतीने माझा दंड धरला. भिंतीवरचं घड्याळ दाखवलं, रिमोट मागून घेतला आणि दोन्ही टीव्हींवर तिच्या त्या बातम्या लावल्या. मग दोन्हींचे आवाज बंद केले... आमच्यासाठी.

आणि तेव्हा मला दिसलं. मी निवडलेल्या बॉक्सवर निवेदिकेचे हात जरा भरभर हलले की बोटांचे बारीक चौकोन होऊन जायचे. दुसऱ्यावर एकेक बोट स्वच्छ दिसत होतं.

रफिकभाईही दोन पावलं मागे येऊन बघायला लागले. "याच्यात चॅनल लय कोंबलेत, भाऊ. मग चित्राला जागा कमी पडते. गाण्याबिण्यात कळत नाय," ते म्हणाले. "वीस वर्षं टीव्ही विकतोय, पण असं बघून घेणारं गिऱ्हाईक पहिलंच."

दुसऱ्या बॉक्सवर चॅनल निम्मेही नव्हते, आणि मला हवा असलेला क्रिकेटचा तर नव्हताच. मी तोंड उघडलं... पण ज्योतीचा हात अजून माझ्या दंडावर होता. ती स्क्रीनकडे नाही, माझ्याकडे बघत होती. हा आता काय ठरवतो, याची भीती तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

माझ्याआधी बाबाच बोलले. "तिने दाखवला तो द्या. मॅच काय, हा काकांकडे जाऊन बघेल."

पुढच्या रविवारी ज्योतीच्या मूकबधिर शाळेतल्या तीन जुन्या मैत्रिणी घरी आल्या, एक तर निफाडहून एसटीने. आईने पोहे केले. बातम्या संपल्या आणि चौघींची जी जुंपली... हातवारे, हसणं, एकमेकींचे हात खाली दाबून आपलं म्हणणं पुढे रेटणं.

माझ्या घरात, माझ्याच खुर्चीत बसून मला एक अक्षर कळत नव्हतं. सगळे हसतात म्हणून मीही हसत होतो... आणि ज्योती इतकी वर्षं आमच्यात अशीच हसत आली असेल, हे एकदम लक्षात आलं. मी हसायचा थांबलो.

तिला ते कळलं असावं. मैत्रिणींना थांबवून ती माझ्याशेजारी येऊन बसली. हळूहळू, अडेल तिथे कागदावर लिहून, तिने मला सगळ्या बातम्या सांगितल्या. एकही गाळली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी तिच्याकडे खुणा शिकायला बसलो. अजून चुकतो, आणि ती अजून कपाळावर हात मारून घेते. पण आता आमची भांडणंसुद्धा अर्धवट राहत नाहीत, शेवटपर्यंत होतात... भावाला आणखी काय हवं असतं?